सुरतेत पिओनी लावण्याआधी

लग्नाच्या मांडवात, केकवर, निमंत्रणपत्रिकेवर आणि आता साडीच्या पदरावरही एक फूल सारखं दिसतं. मुठीएवढं, गच्च पाकळ्यांचं, फिकट गुलाबी. लांबून गुलाब वाटतं, पण ती असते पिओनी. मांडवातली पिओनी बहुतेक वेळा कापडाची असते आणि कापडाच्या शहरात राहणाऱ्यांना ती हात लावताच कळते. तरी खरं फूल आपल्या कुंडीत उमलावं अशी हौस एकदा मनात आली की मोबाइल उघडला जातो, आणि चार दिवसांत ‘पिओनी बल्ब’ असं छापलेलं पाकीट दारात येतं. पाकिटावर निळी पिओनी असते, काळीही असते.

पिओनीला बल्ब म्हणजे कांदा नसतोच. तिची मुळं जाड, रताळ्यासारखी गाठाळ असतात आणि त्यांच्या माथ्यावर लालसर डोळे असतात. खरी निळी पिओनीही अजून कुणी तयार केलेली नाही. त्यामुळे कांद्याचा फोटो आणि निळं फूल एकाच पाकिटावर दिसलं तर पैसे खिशातच ठेवा. बियांचं पाकीट असेल तर आणखी सावध राहा. पिओनीचं बी रुजायलाच दोन हंगाम घेतं, आणि रुजल्यानंतर पहिलं फूल यायला चार-पाच वर्षं जातात.

समजा, मूळ अस्सल निघालं. तरीही सुरतेच्या मोकळ्या हवेत पिओनी फुलणार नाही. खत कमी पडलं म्हणून नव्हे, थंडी कमी पडते म्हणून. हिवाळ्यात ही वनस्पती जमिनीवरचं सगळं अंग टाकून देते आणि मुळावरच्या डोळ्यांत झोपी जाते. त्या झोपेत तिला चार-पाच अंशांखालच्या थंडीचे साधारण ५०० ते १,००० तास मिळावे लागतात. जातीनुसार हा आकडा कमी-जास्त होतो, पण ते मिळाल्याशिवाय डोळ्यातली कळी तयार होत नाही. आपल्याकडे ऐन जानेवारीतली रात्र १४-१५ अंशांच्या आसपास असते. थंडीची मोठी लाट आली तरी ती पिओनीच्या हिशेबात धरता येत नाही. वर जून ते सप्टेंबर हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. काळ्या चिकण मातीत गाठाळ मुळं त्या पावसात कुजतात. म्हणजे हिवाळ्यात झोप नाही आणि पावसाळ्यात श्वास नाही.

‘फ्रीजमध्ये ठेवून फुलवतात म्हणे’ हे पुष्कळदा ऐकू येतं. तसं करता येतं हे खरं. परदेशातले फुलशेतकरी कुंडीतल्या मुळांना शीतगृहात दोन-तीन अंशांवर आठ-दहा आठवडे ठेवतात आणि हंगामाआधी फुलं काढतात. पण बाहेर काढल्यावर त्या रोपाला पंधरा-अठरा अंशांचा थंड वसंत मिळतो. सुरतेत फेब्रुवारीत दुपार तिशीपार जाते. कोंब भराभर वर येतो, कळी वाटाण्याएवढी होते आणि तिथेच वाळते. दुसऱ्या वर्षी मूळ आणखी अशक्त झालेलं असतं. एवढा खटाटोप करून भाजीच्या कप्प्यातली जागाही जाते, ती वेगळीच.

आपल्या देशात पिओनी आहे, ती हिमालयात. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडच्या उतारांवर पांढऱ्या, एकेरी पाकळ्यांची पिओनिया इमोडी रानात उगवते. युनानी वैद्यकात पिओनीचं मूळ ऊद सलीब नावाने वापरतात. सुरतेशी या फुलाचं नातं आहे ते सुईदोऱ्याचं. एकोणिसाव्या शतकात चीनशी व्यापार करणाऱ्या पारशी कुटुंबांनी रेशमावरचं चिनी भरतकाम आपल्याकडे आणलं. त्या गारा साड्यांवर शेवंती, कमळ, बगळे यांच्या जोडीला पिओनी हमखास असते. एखाद्या पारशी घरात जुना गारा बघायला मिळाला तर जरूर बघा. या शहरात इतकी टिकलेली पिओनी दुसरीकडे सापडणार नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांची मुलगी, भाचा, पुतण्या न्यू जर्सीत, शिकागोत किंवा टोरांटोकडे असेल. पिओनीला हवी तशी थंडी तिकडे आहे. नवीन घराच्या अंगणात आधीच्या मालकाने लावलेली पिओनी असते, मे-जूनमध्ये ती फुलत नाही, आणि व्हिडिओ कॉलवर विचारलं जातं, ‘आई, हिला काय झालंय बघ ना.’ तेव्हा पुढचं सांगता आलं तर बरं.

फूल न येण्याचं पहिलं कारण खोली. मुळावरचे लाल डोळे मातीच्या वरच्या थरापासून तीन ते पाच सेंटिमीटर खाली हवेत, त्याहून खाली नकोत. हौसेने खोल खड्डा करून लावलेली पिओनी वर्षानुवर्षं नुसती हिरवीगार राहते. झाडाभोवती दरवर्षी लाकडाच्या भुशाचा थर टाकला तरी हळूहळू तेच होतं, म्हणून बुंध्यावरचा थर दूर सारायला सांगा. दुसरं कारण सावली. रोज किमान सहा तास ऊन हवं. मेपल मोठा झाला आणि पिओनी रुसली, हे तिकडे नेहमीचं. तिसरं कारण लॉनचं खत. त्यातलं नत्र वाहून पिओनीपाशी येतं आणि ती पानांवरच जोर काढते. चौथं कारण अधीरता. नवी लावलेली पिओनी पहिल्या वर्षी बहुधा फुलत नाही, दुसऱ्या वर्षी एखाद-दुसरं फूल देते, तिसऱ्या-चौथ्या वर्षी खरी फुलते. मग मात्र पन्नास-पन्नास वर्षं एका जागी राहते. हलवायचीच असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात, प्रत्येक तुकड्याला तीन ते पाच डोळे ठेवून.

कळ्या लहान असतानाच काळ्या-तपकिरी पडून सुकल्या आणि देठावर राखाडी बुरशी दिसली, तर तो बोट्रायटिस. ओल्या, थंड वसंतात तो हमखास येतो. रोगट देठ निरोगी भागापर्यंत कापून कचऱ्यात टाकावेत, खताच्या ढिगात नव्हे. झाडावरून पाणी मारू नये. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पानगळीनंतर सगळे देठ जमिनीलगत कापून तिथून हलवावेत, कारण बुरशी त्यांच्यावरच हिवाळा काढते. उन्हाळा सरताना पानांवर पांढरी भुकटी दिसते, तिने फार घाबरू नये. झाड मरत नाही. कळ्यांवर मुंग्या दिसल्या म्हणून फवारा मारायचीही गरज नाही. कळीच्या बाहेरच्या पाकळ्यांतून गोड रस झिरपतो, त्यासाठी त्या येतात. मुंग्यांशिवाय पिओनी उमलत नाही हा समज तिकडे घट्ट बसला आहे, तोही खोटा. फुलं घरात आणताना देठाबरोबर फार पानं कापू नयेत, पुढच्या वर्षीची कळी त्या पानांच्या जोरावर भरते. ह्यूस्टनवाल्यांना मात्र वेगळं सांगायला हवं: तुमच्याकडेही थंडी कमीच पडते, नाद सोडा.

आता सुरतेचं बोलू. गच्च पाकळ्यांचं, सुवासिक, मोठं फूल कुंडीत हवं असेल तर आपला गुलाब आहे. दक्षिण गुजरातेत गुलाबाची शेती होते, नवसारीचं कृषी विद्यापीठ जवळच आहे, त्याचं कृषी विज्ञान केंद्र तर सुरतेतच अठवा फार्मवर आहे. माती तपासायची असेल किंवा न ओळखता येणारा रोग दाखवायचा असेल तर तिथे जाऊन विचारायला संकोच करू नका. पान आणि देठ कागदी पिशवीत न्या, प्लास्टिकमध्ये ते वाटेतच कुजतात.

जात निवडताना एक मोह आवरावा लागतो. ज्या गुलाबाचं फूल पिओनीसारखं दिसतं, म्हणजे वाटीसारखं आणि शंभराच्या घरातल्या पाकळ्यांचं, त्याला दमट हवेत सर्वांत जास्त त्रास होतो. बाहेरच्या पाकळ्या ओल्या होऊन एकमेकींना चिकटतात, वाळतात आणि आतलं फूल कोंडून कुजतं. एडनसारखा वेलगुलाब जानेवारीत डोळ्यांचं पारणं फेडतो आणि जुलैत निराश करतो. म्हणून पहिली दोन-तीन झाडं पंचवीस ते चाळीस पाकळ्यांची घ्या. ग्लॅडिएटर हा जुना लाल गुलाब गुजरात-महाराष्ट्राच्या उघड्या शेतांत पिढ्यान्‌पिढ्या टिकला आहे. पिवळ्यात लांडोरा, गुलाबीत क्वीन एलिझाबेथ या ओळखीच्या आणि काटक जाती. वासासाठी देशी गुलाबाला तोड नाही. फूल लहान, दोन दिवसांत पाकळ्या झडतात, पण सकाळी अगाशीवर पाऊल टाकलं की आधी तोच कळतो. या काटकांवर हात बसला की मग एडन आणा. आणि ज्यांना पावसाळ्यात फूल हवंच आहे त्यांनी दुपदरी जास्वंदीची एक कुंडी ठेवावी, गुलाबावर सक्ती करू नये.

रोप ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर या काळात घ्या. नर्सरीत रोपं पुण्याकडून किंवा बंगळुरूकडून येतात आणि त्यांची मुळं लाल चिकट मातीच्या गोळ्यात असतात. सुरतेतले निम्मे गुलाब इथेच दगावतात. तो गोळा तसाच कुंडीत गेला की एकदा सुकल्यावर विटेसारखा होतो. भोवतीची माती ओली दिसते, पाणी खालून वाहूनही जातं, पण गोळ्याच्या आत मुळं तहानलेली असतात. म्हणून रोप आणल्यावर लगेच लावू नका. आठवडाभर सावलीत राहू द्या. मग पिशवीसकट बादलीत अर्धा तास बुडवा, पिशवी कापा आणि बोटांनी कडेची लाल माती सैल करून पाण्यातच झटका. सगळी काढू नका, मधली मुळं उघडी पडू देऊ नका. साधारण निम्मी गेली की पुरे. हे काम थंडीतच झेपतं. मार्चनंतर रोप आणलं तर गोळा न फोडता लावा आणि दिवाळीला पुन्हा बघा.

लावताना डोळा शोधा. कलमी गुलाबाच्या खोडाला तळाशी एक जाडसर गाठ असते, तिथे रानटी खुंटावर चांगल्या जातीचा डोळा भरलेला असतो. आपल्या उष्ण, दमट हवेत ही गाठ मातीच्या दोन बोटं वर हवी. गाठीच्या खालून जोमदार, सरळ, वेगळ्याच पानांचा फुटवा निघाला की तो खुंटाचा. कात्रीने कापला तर तो चार होऊन येतो. माती बाजूला करून मुळाशी जिथून निघाला तिथून खाली ओढून उपटून टाका. ‘आधी लाल फुलं यायची, आता यायचीच बंद झाली’ या तक्रारीमागे बहुधा हाच रानटी फुटवा असतो. त्याने कलम कधीच गिळून टाकलेलं असतं.

कुंडी किमान बारा इंची, शक्य तर चौदा. मातीची उत्तम, कारण ती घाम गाळते आणि मुळं थंड राहतात. काळ्या प्लास्टिकची मेमध्ये तापून मुळं शिजवते. प्लास्टिकच घ्यायचं असेल तर पांढरं किंवा फिकट घ्या. भरलेली चौदा इंची कुंडी पंचवीस-तीस किलोंच्या घरात जाते, तेव्हा अगाशीच्या मध्यात न ठेवता भिंतींच्या कडेने, विटांवर ठेवा. खालून हवा खेळली पाहिजे आणि भोकातून निघालेलं पाणी वाहून गेलं पाहिजे. कुंडीखाली बशी ठेवू नका. पावसाळ्यात मनपाचे आरोग्य कर्मचारी डासांच्या अळ्या शोधत येतात तेव्हा पहिली नजर बशीवरच जाते, आणि गुलाबाच्या मुळांनाही ती बशी तितकीच नकोशी असते.

माती कुठली? तापीचा गाळ किंवा बागेची माती चार भाग, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत तीन भाग, आणि जाड रेती व भाताचा तूस मिळून तीन भाग. नुसती काळी माती कितीही सुपीक दिसली तरी कुंडीत भरू नका. पावसात ती लापशी होते आणि एप्रिलमध्ये भेगाळते. बारडोली, सायण, चलथाणकडे जाणं-येणं असेल तर साखर कारखान्याचा प्रेसमड मिळतो का बघा. पूर्ण कुजलेला, काळा, मातीसारखा वास येणारा असेल तर शेणखताला उत्तम पर्याय. ताजा, गरम असेल तर हात लावू नका, मुळं भाजतात. वर मूठभर निंबोळी पेंड घाला. पुस्तकं हाडांचं खत घालायला सांगतात. घरात चालत नसेल तर त्याच्या जागी दोन चहाचे चमचे सिंगल सुपर फॉस्फेट घाला, गुलाब तक्रार करत नाही.

यापुढची गोष्ट पाण्याची, आणि सुरतेतल्या गुलाबाचं बहुतेक दुखणं फिरून पाण्यापाशीच येतं. दोन पेरं बोट मातीत खुपसा. आत ओल लागली तर पाणी नको. हिवाळ्यात एक दिवसाआड पुरतं, एप्रिल-मेमध्ये रोज सकाळी भरपूर आणि लहान कुंडीला संध्याकाळी थोडं. ऐन पावसात आपल्याला काम फक्त भोकं मोकळी आहेत ना हे बघण्याचं, सळीने महिन्यातून एकदा टोचून. आरओच्या यंत्रातून फेकलं जाणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून कुंड्यांना घालण्याची पद्धत घरोघरी पडली आहे. ती बंद करा. त्या पाण्यात गाळून काढलेले सगळे क्षार असतात. ते फरशी पुसायला वापरा. एसीतून ठिबकणारं पाणी मात्र जवळजवळ क्षारमुक्त असतं, ते गुलाबाला चालतं. बोअरच्या खारट पाण्यावर झाड असेल आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर धरला असेल तर थर खरवडून काढा आणि महिन्यातून एकदा नळाचं गोडं पाणी इतकं घाला की खालून धार लागेल. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, अशी खूण दिसली तर ती लोहाची कमतरता. माती-पाणी अल्कधर्मी असल्याने लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. चिलेटेड लोह लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा पानांवर फवारलं की नवी पानं हिरवी येतात. खालची जुनी पानं पिवळी पडून गळत असतील तर प्रश्न वेगळा आहे. तिथे आधी बोट मातीत खुपसा. दहातल्या आठ वेळा ती चिकचिकीत ओली सापडेल. नसेल तर मग नत्राचा विचार करा.

छाटणी दिवाळीच्या सुमारास, पाऊस पूर्ण ओसरल्यावर. थंड देशांतली पुस्तकं वाचून गुलाब वीतभर ठेवून छाटू नका. आपल्याकडे झाड झोपत नाही, त्याला पानांचा आधार लागतो. मेलेल्या, रोगट, पेन्सिलीहून बारीक आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढा, उरलेल्या चांगल्या तीन-चार फांद्या दीड फुटापर्यंत राहू द्या. काप बाहेरच्या बाजूला तोंड केलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका. कात्री धारदार हवी आणि प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसलेली. कापावर कॉपर ऑक्सिक्लोराइडची पातळ पेस्ट लावा. छाटणीनंतर सहा-सात आठवड्यांनी फूल येतं, त्यावरून हिशेब धरता येतो. नाताळात फुलं हवी असतील तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, उत्तरायणाला हवी असतील तर नोव्हेंबरच्या शेवटी.

पण उत्तरायणाला गुलाब अगाशीवर असणं धोक्याचंही आहे. त्या दोन दिवसांत वर अख्खं सोसायटीचं गाव असतं, ढोल-स्पीकर आणि उंधियूच्या ताटांत कुंड्या कुणाला दिसतात? आदल्या दिवशीच त्या पाण्याच्या टाकीमागे किंवा जिन्याच्या कोपऱ्यात हलवा. सण झाल्यावर एकेक झाड हाताने बघा. फांदीभोवती मांज्याचा तुकडा राहिला तर तो दिसत नाही, पण फांदी जाड होत जाते तसा सालीत रुततो आणि वरचा भाग वाळतो. पक्ष्यांच्या पायांत अडकण्याची भीती असतेच, तेव्हा तो गुंडाळून कचऱ्यात टाका.

फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली येत असेल तर ती शेंडेमर. इकडे गुलाबाचा हा सर्वांत मोठा शत्रू. कापलेल्या जागेतून बुरशी शिरते आणि अशक्त झाडात भराभर उतरते. काळा भाग संपला तिथे कापून भागत नाही. कापाकडे बघा, मधला गर तपकिरी असेल तर आणखी खाली कापा, पांढरा गर दिसेपर्यंत. मग पेस्ट. अख्खी फांदी जाईल म्हणून जीव तुटतो, पण थांबलात तर झाड जातं.

पावसात पानांवर झालरीसारख्या कडांचे काळे ठिपके येतात, भोवती पान पिवळं होतं आणि गळतं. या बुरशीला रुजायला पान सात-आठ तास ओलं राहावं लागतं, आणि जुलैत सुरतेत पान दुसरं काय करतं? त्यामुळे ठिपके पूर्ण टाळता येतील असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कुंड्यांमध्ये हातभर अंतर ठेवा, गळलेली पानं रोज उचला, मातीलगतची चार-पाच पानं आधीच काढा म्हणजे मातीचे शिंतोडे उडत नाहीत. पाऊस सुरू होण्याआधी एकदा आणि मग उघडीप मिळेल तेव्हा दहा-पंधरा दिवसांनी मॅन्कोझेब लिटरला दोन ग्रॅम, आलटून-पालटून कॉपर ऑक्सिक्लोराइड. ऑगस्टमध्ये झाड अर्धंमुर्धं बोडकं दिसतं. दिसू द्या, खत देऊ नका, दिवाळीला ते उठतं.

डिसेंबर-जानेवारीत उलट. रात्री गार, दिवस कोरडे, आणि कोवळ्या पानांवर, कळ्यांच्या देठांवर भुरी. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, संध्याकाळी. आपल्याकडे जानेवारीतही दुपार तिशीला टेकते आणि बत्तीसच्या पुढे गंधक पानं भाजतं, म्हणून मार्चपासून त्याला हात लावू नका. निंबोळी तेल फवारलं असेल तर दोन आठवडे गंधक नको.

कळी फुगते पण उमलत नाही, पाकळ्यांच्या कडा चहा सांडल्यासारख्या तपकिरी, हे फुलकिड्यांचं काम. फेब्रुवारीपासून ते वाढतात आणि फिकट रंगाच्या फुलांवर जास्त दिसतात. कळी पांढऱ्या कागदावर झटका, तपकिरी-पिवळसर, स्वल्पविरामाएवढे किडे पळताना दिसतील. ते पाकळ्यांच्या आत असल्याने वरून मारलेलं औषध पोचत नाही. खराब कळ्या तोडून पिशवीत बांधून टाका, निळे चिकट सापळे लावा. तरी आवरत नसेल तर स्पिनोसॅड लिटरला ०.३ मिली, कळी बंद असतानाच. कागदावर किडे न दिसता सुईच्या टोकाएवढे लालसर ठिपके सरकले आणि पानामागे बारीक जाळं असलं तर ती लाल कोळी. ती कीटक नव्हे, म्हणून दुकानदाराने हातात दिलेलं नेहमीचं कीटकनाशक तिच्यावर चालत नाही, उलट तिला खाणारे किडे मारून तिचं फावतं. सकाळी पानांच्या मागच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारा, एक दिवसाआड, दोन आठवडे. उधना-पांडेसऱ्याकडे अगाशीवर काजळी बसते, त्या घरांनी तर पानं धुण्याची सवयच लावून घ्यावी. धूळ-काजळी असलेल्या पानावर कोळी जास्त माजते.

पिओनीवरच्या मुंग्या निर्दोष, गुलाबावरच्या नव्हेत. गुलाबाच्या फांदीवर मुंग्यांची रांग दिसली की वर मावा किंवा पिठ्या ढेकूण आहे असं समजा. त्यांच्या अंगातून गोड चिकटा निघतो आणि त्याच्या बदल्यात मुंग्या त्यांना राखतात. रांगेचा माग काढत वर जा. थोडा असेल तर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा, जास्त असेल तर निंबोळी तेल लिटरला तीन-चार मिली आणि भांडी घासायच्या द्रवाचे काही थेंब.

खताचं म्हणाल तर ऑक्टोबर ते मार्च दर पंधरवड्याला १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम किंवा शेंगदाण्याची पेंड तीन-चार दिवस भिजवून दसपट पाण्यात. वास येतो, शेजाऱ्यांना आधी कल्पना द्या. एप्रिलपासून खत थांबवा आणि दुपारच्या उन्हात पन्नास टक्क्यांचं हिरवं नेट बांधा. सकाळचं ऊन मिळू द्या. मेमधली फुलं निम्म्या आकाराची येतात आणि दुपारपर्यंत माना टाकतात. कळ्या खुडून टाकल्या तर झाडाचं बळ राहतं. जूनच्या पहिल्या सरीनंतर नेट लगेच काढा, त्याखाली दमट हवा कोंडून राहते.

कुठलंही औषध फवारताना संध्याकाळची वेळ, नाकातोंडावर रुमाल, हातात मोजे, आणि खालच्या मजल्यावर कुणाचे कपडे वाळत नाहीत ना याची खात्री. फुलं उमललेली असताना फवारू नका, मधमाश्या मरतात. गुलकंद करायचा असेल किंवा पाकळ्या देवाला वाहून नंतर मुलांच्या हाती लागणार असतील, तर देशी गुलाबाची ती कुंडी बाकीच्यांपासून वेगळ्या भिंतीला ठेवा आणि तिला निंबोळी पेंडीपलीकडे काही देऊ नका.